शेगडीची तपासणी : घरचे काम, गावाचे कर्तव्य

(तालुका पातळीवरील एका प्रशिक्षण मेळाव्यात ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या विषयाचे नाव ‘घरगुती गॅस उपकरणांची देखभाल’ असे छापले आहे. पाणीपुरवठा, शाळाखोल्या, रस्ते, पीकविमा अशा मोठ्या विषयांच्या पंक्तीत हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. शेगडी बिघडली तर घरधनी दुरुस्त करून घेईल, त्यात पंचायतीने काय करावयाचे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, तर त्यात वावगे काही नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत मीही असेच समजत होतो. ते मत कशामुळे बदलले, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे.

प्रथम आपल्या घरातील जुन्या चुलीकडे पाहू. आपल्या आईने, आजीने चूल मांडली, ती नुसती मांडून सोडून दिली नाही. रोज सकाळी राख काढावयाची, चुलीला पोतेरे द्यावयाचे, वैलाजवळ तडा गेला असेल तर माती मळून तो लिंपावयाचा, सणावाराला चूल नव्याने सारवावयाची, असा परिपाठ घरोघर होता. त्याला कोणी ‘देखभाल’ असे नाव दिले नव्हते. परंतु ती देखभालच होती. चूल घडविणारी, वापरणारी आणि दुरुस्त करणारी व्यक्ती एकच होती. चुलीचे सर्व ज्ञान त्या गृहिणीच्या हातात होते.

गॅसची शेगडी घरात आली तेव्हा धूर गेला, डोळ्यांचे व छातीचे विकार कमी होण्याची आशा निर्माण झाली, सरपणासाठीची पायपीट वाचली. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर देशात १० कोटींहून अधिक जोडण्या या योजनेखाली देण्यात आल्या. ज्या वाडीवस्तीवर पूर्वी गॅसची टाकी कोणी पाहिली नव्हती, तेथेही ती पोहोचली. ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. परंतु या बदलात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले पुरेसे लक्ष गेले नाही. चुलीची निगा घरातच होती. गॅसच्या शेगडीची निगा मात्र घराबाहेरच्या जाणकाराच्या हाती गेली. रेग्युलेटरच्या आत काय आहे, नळी किती वर्षे टिकते, कॉक घट्ट का होतो, हे गृहिणीला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ज्याला ठाऊक आहे, तो माणूस बोलाविल्याशिवाय येत नाही. आणि आपण त्याला सहसा बोलावीत नाही.

माझ्या घरची गोष्ट

मित्रहो, आपले दोष व्यासपीठावरून सांगण्याची रीत नाही; तरीही एक प्रसंग सांगतो. २०१९ सालच्या डिसेंबरातील पहाट. आई नेहमीप्रमाणे लवकर उठली. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन तिने सवयीने दिव्याच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात मागून माझ्या पत्नीचा आवाज आला, “आई, थांबा! दिवा लावू नका. वास येतोय.” आईचा हात तेथेच थांबला. पत्नीने अंधारातच दारे-खिडक्या उघडल्या, रेग्युलेटर बंद केला आणि आम्हा सर्वांना अंगणात काढले. सुदैवाने कोणालाही इजा झाली नाही.

दिवस उजाडल्यावर मेकॅनिक आला. त्याने शेगडी पुढे ओढून नळी वाकवून दाखविली. शेगडीकडच्या टोकाला, मागील बाजूस, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, ती कडक होऊन तडकली होती. नळीवर छापलेला महिना व साल त्याने मला वाचावयास सांगितले. त्या नळीला अकरा वर्षे झाली होती. तिची मुदत पाच वर्षांची असते. मी जरा चिडूनच विचारले, “मग मागच्या तपासणीत हे कसे दिसले नाही? माझ्याकडे तपासणीचा कागद आहे.” तो मान खाली घालून म्हणाला, “साहेब, मागच्या खेपेला मीच आलो होतो. तुम्ही घाईत होता. दारातच सही दिलीत.”

त्याचे म्हणणे खरे होते. कागदावर सही माझी होती, तपासणी झालीच नव्हती. आणि त्याच महिन्यात माझ्या कार्यालयातून घरगुती सुरक्षिततेवरचे एक पत्रक मी स्वतः लिहून प्रसिद्धीस दिले होते. त्या दिवसापासून तपासणीच्या कागदाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आपल्या कामकाजात अशा सह्या किती असतील, याचा विचार ज्याने त्याने आपापल्या मनाशी करावा.

गळती कशी होते?

आता थोडे शास्त्र पाहू. आपल्या टाकीत असतो तो प्रोपेन व ब्युटेन या वायूंचा दाबाखाली द्रवरूप केलेला साठा. घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो. द्रवाचा वायू होताना त्याचे आकारमान सुमारे २५० पट वाढते. हवेत या वायूचे प्रमाण साधारण २ टक्के झाले तरी ठिणगी पडताच तो पेट घेऊ शकतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे वर उडून जात नाही. जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीत साचून राहतो. मुळात त्याला वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास हा आपल्यासाठी ठेवलेला पहारेकरीच होय. “थोडा वास तर नेहमीच येतो” असे म्हणणाऱ्या घराने हा पहारेकरी असून नसल्यासारखा केला असे समजावे.

गळतीच्या जागा मोजक्या आहेत. टाकीच्या तोंडाशी, झडपेच्या आत बसविलेली रबराची कडी झिजते किंवा निसटते. रेग्युलेटर नीट बसत नाही. नळी जुनी होते, शेगडीच्या आचेने कडक होते, क्वचित उंदीर कुरतडतो. शेगडीच्या कॉकमधील वंगण सुकते आणि बंद केलेला कॉकही किंचित उघडा राहतो. यांतील एकही बिघाड एका दिवसात होत नाही. महिनोन्महिने हळूहळू वाढतो. म्हणूनच ठरावीक काळाने केलेली तपासणी त्याला वेळीच पकडू शकते.

दुसरा प्रश्न अपुऱ्या ज्वलनाचा. बर्नरची छिद्रे उतू गेलेल्या दुधाने, तेलाने, काजळीने बुजली की गॅसला पुरेशी हवा मिळत नाही. निळी ज्योत पिवळी होते, भांड्याचे बूड काळे पडू लागते. भारतीय मानक ४२४६ प्रमाणे घरगुती शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. परंतु नवीन शेगडीची ही क्षमता निगा राखली तरच टिकते. ज्योत पिवळी झाली की तोच भात शिजावयास अधिक गॅस लागतो. ज्या कुटुंबाला दुसरी टाकी भरून आणताना विचार करावा लागतो, त्याच्या दृष्टीने हे नुकसान लहान नाही. अशी टाकी चार दिवस आधी संपली, की ते कुटुंब पुन्हा चुलीकडे वळते आणि योजनेचा हेतूच मागे पडतो.

न येणारा वास

याहून घातक प्रकार गॅसच्या गीझरचा आहे. थंडी सुरू झाली की बंद न्हाणीघरात गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या आपण वृत्तपत्रांत वाचतो. त्याचे कारण समजून घेतले पाहिजे. गीझरमध्ये गॅस वेगाने जळतो आणि लहान खोलीतील प्राणवायू झपाट्याने खर्ची पडतो. प्राणवायू कमी पडला, किंवा बर्नर व तांब्याची जाळी काजळीने भरली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट जोडला जातो. त्याला रंग नाही, वासही नाही. आणि गॅस जळून गेलेला असल्यामुळे मरकॅप्टनचा वासही येत नाही. आंघोळ करणाऱ्याला चक्कर येते, हातपाय गळतात, दार उघडण्याची शक्तीही उरत नाही. आपला पहारेकरी येथे उपयोगी पडत नाही. म्हणून गॅसचा गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावा, त्याच्या धुराला बाहेर जाण्यास वाट असावी आणि हिवाळ्यापूर्वी दरवर्षी जाणकाराकडून तो उघडून स्वच्छ करून घ्यावा. यात तडजोड नसावी.

जुना धडा

साधन देऊन भागत नाही, हा धडा आपल्या देशाने एकदा घेतला आहे. १९८३-८४ पासून केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सुमारे वीस वर्षे तो चालला आणि कोट्यवधी चुली बसविण्यात आल्या. आपल्यातील ज्येष्ठांना धुराडे असलेल्या त्या निर्धूर चुली आठवत असतील. कल्पना चांगली होती. पुढे ओडिशात अशाच सुधारित चुलींवर एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासावाटे जाणारा धूर कमी झाला. त्यानंतरच्या वर्षांत तो फायदा दिसेनासा झाला. चुली नियमाने वापरल्या गेल्या नाहीत, त्यांची डागडुजी झाली नाही आणि वापर उत्तरोत्तर घटत गेला.

गोबर गॅस संयंत्रांचीही अशीच उदाहरणे आपण गावोगावी पाहतो. पोलादी टोपाला वेळेवर रंग लागला नाही, नळीत साचलेले पाणी काढले गेले नाही, शेणकाल्यावर आलेली साय मोडली नाही, की चालते संयंत्र बंद पडते. उद्घाटनाच्या दिवशी छायाचित्र निघते. पाचव्या वर्षी तेथे कोणी जात नाही. गॅसच्या शेगडीच्या बाबतीत या इतिहासाची पुनरावृत्ती होऊ द्यावयाची की नाही, एवढाच आजचा प्रश्न आहे. आणि येथे केवळ योजना वाया जात नाही, माणसाच्या जिवाशी गाठ आहे.

घरात काय, जाणकाराकडे काय?

काही कामे घरातच व्हावीत. रोज शेगडी पुसावी, बर्नर काढून धुवावेत आणि पूर्ण सुकवून बसवावेत. रात्री झोपताना व गावाला जाताना रेग्युलेटर बंद करावा. टाकी नेहमी उभी ठेवावी. शेगडी टाकीपेक्षा उंच, ओट्यावर असावी. नवी टाकी घेताना वजन आणि तोंडाशी गळती नाही ना, हे आणणाऱ्याकडूनच तपासून घ्यावे. तो ग्राहकाचा हक्क आहे. टाकीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजी ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर व साल लिहिलेले असते. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे. ती त्या टाकीच्या पुढील चाचणीची मुदत असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. गळतीचा संशय आल्यास जोडावर साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे आले तर गळती आहे असे समजावे. काडी ओढून गळती शोधण्याचा प्रकार आजही काही ठिकाणी दिसतो. तो प्राणघातक आहे.

काही कामांना मात्र घरच्यांनी हात घालू नये. जेटच्या छिद्रात सुई घालू नये, त्याने छिद्र मोठे होते. कॉक उघडू नये, रेग्युलेटर खोलू नये, नळीला चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेऊ नये. तारेची जाळी आत असलेली केशरी सुरक्षा नळीच वापरावी, तिची लांबी दीड मीटरहून अधिक नसावी आणि पाच वर्षांनी ती बदलावीच. तिची किंमत साधारण दोनशे रुपयांच्या आसपास असते. तेल कंपन्यांनी अलीकडे देशभर घरोघर विनामूल्य प्राथमिक तपासणीची मोहीम राबविली. १२ कोटींहून अधिक तपासण्या तीत झाल्या आणि नळ्या सवलतीत बदलून देण्यात आल्या. असा तपासनीस दाराशी आला, तर त्याला स्वयंपाकघरापर्यंत नेणे हे आपले काम आहे. तो ओळखपत्र दाखवील. आपणही ते अवश्य पाहावे.

वास आलाच तर काय करावे, हे घरातील प्रत्येकाला पाठ असावे. विजेचे कोणतेही बटण चालूही करू नये, बंदही करू नये. देवघरातील निरांजन, उदबत्ती विझवावी. रेग्युलेटर बंद करून टाकीवर सुरक्षा टोपण बसवावे. दारे-खिडक्या उघडून सर्वांनी बाहेर पडावे आणि बाहेर गेल्यावरच दूरध्वनी करावा. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक देशभर उपलब्ध आहे.

गावाने काय करावे?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही बाब प्रत्येक घराच्या मर्जीवर सोडली, तर काय होते ते माझ्या घराने दाखवून दिले आहे. म्हणून तीन विनंत्या करतो.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, गावाने वर्षातून एक तपासणी सप्ताह ठरवावा. माझ्या मते नवरात्रापूर्वीचे दिवस सर्वांत सोयीचे. घटस्थापनेआधी घराघरांत झाडलोट होतेच. खंडेनवमीला आपण नांगर, विळे, हत्यारे, यंत्रे धुऊनपुसून पूजतो. ज्या साधनावर घर दोन वेळ जेवते, त्या शेगडीलाही त्या रांगेत स्थान मिळावे. पुढे हिवाळा येतो, तेव्हा गीझरची तपासणीही वेळेवर होते. सदस्यांनी वितरकाला महिनाभर आधी लेखी कळवावे, वाडीवार दिवस ठरवावेत आणि महिला बचत गटाच्या एका सभासद भगिनीने तपासनीसाबरोबर घरोघर जावे. गृहिणी मोकळेपणाने बोलेल ती तिच्याशीच. नोंदवहीत चार रकाने पुरेत : नळीचे साल, ज्योतीचा रंग, आढळलेला दोष, दोष दूर केल्याची तारीख. चौथा रकाना रिकामा असेल तर तपासणी अपुरी आहे, असे समजून त्या घरी पुन्हा जावे. ज्यांना नळीचा खर्च झेपत नाही अशी घरे गावात थोडी असतात. त्यांची सोय गावाने आपसात करणे अशक्य नाही.

शिक्षकांना विनंती अशी की, विज्ञानाच्या तासाला मुलांना तीन गोष्टी केवळ पाहून, हात न लावता, वहीत लिहून आणावयास सांगावे : घरातील ज्योतीचा रंग, भांड्याच्या बुडाचा रंग आणि नळीवर छापलेले साल. नळी पाहताना घरातील मोठे माणूस जवळ असावे. मुलाने विचारलेला प्रश्न घर टाळत नाही, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. शाळेत पोषण आहार शिजतो, तेथील शेगडी, नळी व टाकी यांची नोंद मुख्याध्यापकांनी प्रथम करावी. मुलांना सांगावयाचे ते शाळेत दिसलेही पाहिजे. अंगणवाडीलाही हेच लागू आहे.

अधिकारी मित्रांना विनंती अशी की, किती जोडण्या दिल्या हा आकडा आपण अहवालात आवर्जून लिहितो. त्याच्या शेजारी किती शेगड्या प्रत्यक्ष तपासल्या, हा आकडा लिहिण्याची सवय लावावी. आणि न पाहिलेल्या कामावर सही मागू नये, देऊ नये. नोंदवहीतील दहापैकी एखाद्या घरी तरी आपण स्वतः जावे, ओट्यापाशी उभे राहून नळीवरचे साल वाचावे. पाच मिनिटांचे काम आहे.

मित्रहो, त्या मेकॅनिकची आणि माझी आता चांगली ओळख आहे. दरवर्षी नवरात्राच्या आधी तो येतो. मी घरी असेन तर शेगडी मीच पुढे ओढून देतो. नसेन तर पत्नी देते. काम झाल्यावर आई त्याला चहा देते आणि चहा झाल्यावर कागद पुढे येतो. सही शेवटी करावयाची, असा आमच्या घरचा नियम झाला आहे. तोच नियम आपल्या गावाचा व्हावा, एवढे मागून मी आपली रजा घेतो.